पंच, पोथी आणि फासा

व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा त्यांना वेतनकरार, कंत्राटी कामगार, फार तर एखाद्या जुन्या संपाचा इतिहास एवढीच अपेक्षा असावी. टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळांवर बोलेन असे मी कळवले, तेव्हा चिटणिसांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. तीस वर्षे कामगार संघटनेत काढलेल्या माणसाला राक्षस, जादूगार आणि तळघरातले खजिने यांच्याशी काय कर्तव्य, असा प्रश्न आपल्याही मनात आला असेल. माझे उत्तर सरळ आहे. पाच माणसे एका टेबलाशी बसली, प्रत्येकाचा हेतू निराळा, काम मात्र मिळून करायचे, आणि अशा वेळी नियमांच्या पुस्तकात नसलेला प्रसंग उभा राहिला, तर निर्णय कोणी द्यायचा? पुस्तकाने, पंचाने, फाशाने, की सर्वांनी मिळून? माझी उमर या प्रश्नाभोवती गेली. हा खेळ कोठून आला आणि तो निरनिराळ्या रीतींनी का खेळला जातो हे मी वाचू लागलो, तेव्हा तेथेही सगळे भांडण याच एका प्रश्नाचे आहे असे मला आढळले.

प्रथम खेळ कसा चालतो ते सांगतो, कारण येथे बसलेल्या बहुतेकांनी तो पाहिलेला नसणार. यात पट नसला तरी चालतो आणि कोणी जिंकत नाही. प्रत्येक खेळाडू एक माणूस कल्पितो: तलवारबहाद्दर, चोर, मांत्रिक, पुजारी. त्याचे बळ, बुद्धी, शहाणपण, चपळाई, काटकपणा आणि लोकांवरची छाप असे सहा गुण फासे टाकून ठरतात व कागदावर मांडले जातात. एक जण मात्र खेळाडू नसतो. त्याला इंग्रजीत डंजन मास्टर म्हणतात. मी त्याला पंच म्हणेन. जग कसे आहे, दाराआड काय आहे हे त्यालाच ठाऊक असते. तो सांगतो, "जिना उतरून तुम्ही एका बंद दाराशी आला आहात." चोर म्हणतो, "मी दाराच्या फटीशी मेणबत्ती धरतो. ज्योत हलते का?" आता पहा, मेणबत्ती फटीशी धरण्याचा नियम कोणत्याच पुस्तकात नाही. पंच क्षणभर विचार करतो, पलीकडे भुयार आहे हे त्याला ठाऊक असते, आणि तो म्हणतो, "ज्योत आत ओढली जाते." पलीकडे मोकळी जागा आहे एवढे कळले. दार फोडायचे ठरले तर मात्र फासा. वीस पैलूंचा फासा गडगडतो, आणि दार उघडते किंवा खांदा दुखावतो. असे तीन-चार तास चालते, आणि पुढच्या आठवड्यात तेथून पुढे. नाथमाधवांचे 'वीरधवल' ज्यांनी लहानपणी अभ्यासाच्या पुस्तकात दडवून वाचले, त्यांना यातली गोडी वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. फरक इतकाच की येथे वीरधवलाने पुढे काय करावे हे वाचणाऱ्याने सांगायचे असते.

या खेळाचे मूळ मात्र अद्भुतकथेत नाही. ते लष्करात आहे. बुद्धिबळ आपल्या देशातून इराण-अरबस्तानमार्गे युरोपात गेले, आणि अठराव्या शतकात जर्मन लोकांनी त्याला खऱ्या युद्धाच्या जवळ नेण्याचा खटाटोप सुरू केला. प्रशियातल्या रायस्विट्झ नावाच्या सरदाराने १८१२ साली आपल्या राजाला असा एक युद्धपट दाखवला. त्याच्या मुलाने, जो तोफखान्यात अधिकारी होता, १८२४ साली त्याचे सुधारलेले नियम छापले. त्यात चौकटीचा पट गेला आणि खरा नकाशा आला. खेळाडूंनी सोंगट्या स्वतः हलवायच्या नाहीत. लेखी हुकूम पंचाकडे द्यायचे. शत्रूची जी तुकडी आपल्याला खरोखर दिसली असती तेवढीच पंच नकाशावर ठेवणार. कोणाची किती माणसे पडली ते फासा आणि तक्ता सांगणार. प्रशियाच्या सेनाप्रमुखांना तो इतका पसंत पडला की पलटणीपलटणींत तो पाठवण्यात आला.

पण नियमांची संख्या वाढत गेली आणि पन्नास वर्षांत अधिकारी त्यांना कंटाळले. १८७६ साली फेर्डी द्यु व्हेर्नवा या जर्मन सेनाधिकाऱ्याने उलट मत मांडले: तक्ते नकोत, फासे नकोत, अनुभवी पंच नेमा, आणि तो सांगेल ते मान्य करा. आमच्या चळवळीत 'नियमानुसार काम' नावाचे एक हत्यार आहे. संप करायचा नाही, फक्त नियमपुस्तकातले प्रत्येक कलम अक्षरशः पाळायचे. दुपारपर्यंत कारखाना आपोआप ठप्प होतो. ज्याने हे एकदा पाहिले त्याला फेर्डीचे म्हणणे चटकन पटते. मात्र आमच्यासारख्याला लगेच दुसरा प्रश्न सुचतो: तो अनुभवी पंच नेमणार कोण? लष्करात त्याचे उत्तर सोपे होते. तेथे पंच हा वरचा अधिकारीच असे.

ही कल्पना समुद्र ओलांडून अमेरिकेत गेली. टॉटन नावाच्या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने १८८० च्या सुमारास 'स्ट्रॅटेगॉस' हे पुस्तक लिहिले, आणि ते ग्रंथालयांत धूळ खात पडले. पुढे सुमारे ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी डेव्हिड वेसली या तरुणाला ते मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयात सापडले. मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांत तेव्हा नेपोलियनच्या लढाया शिशाच्या शिपायांनी खेळणाऱ्या पोरांचे एक मंडळ होते. खेळाडूला वाटेल ते करून पाहता यावे आणि त्याचा परिणाम पंचाने ठरवावा, हे टॉटनमधले सूत्र वेसलीने उचलले.

१९६९ साली त्याने एक वेगळा डाव मांडला. ब्राउनश्टाइन नावाचे एक काल्पनिक जर्मन गाव. दोन्ही बाजूंच्या फौजा त्याकडे निघालेल्या. सेनापती दोनच, पण खेळायला माणसे पुष्कळ आलेली. तेव्हा वेसलीने बाकीच्यांना गावातली माणसे वाटून दिली: कोणी नगराध्यक्ष, कोणी विद्यापीठाचा प्रमुख, कोणी सावकार. प्रत्येकाचा स्वतंत्र हेतू. झाले असे की फौजा गावात पोहोचण्यापूर्वीच ही मंडळी खोलीभर फिरून आपसांत कुजबुजू लागली, कट शिजले, दोघांनी एकमेकांना द्वंद्वाचे आव्हान दिले, ज्याचा नियम वेसलीजवळ नव्हता. पंचाला वाटले, डाव फसला. खेळाडू म्हणाले, पुन्हा केव्हा?

मला विचाराल तर भूमिका-खेळाचा जन्म येथे झाला. राक्षस अजून यायचे होते. वेसलीच्या पुढच्या एका डावात बनानिया नावाचे हुकूमशाहीखालचे छोटे राष्ट्र होते, आणि डेव्ह आर्नेसन या विद्यार्थ्याला त्यात क्रांतिकारक विद्यार्थी पुढाऱ्याची भूमिका मिळाली. पत्रके छापून वाटली की त्याला गुण. त्या डावातले खेळाडू पुढे सांगत आले की आर्नेसनने स्वतःच अमेरिकन गुप्तहेर खात्याचे खोटे ओळखपत्र बनवून आणले, सगळ्यांना हातोहात फसवले, आणि शेवटी हेलिकॉप्टरमधून निसटताना पत्रकांचा पाऊस पाडून आणखी गुण कमावले. आयुष्यात हजारो पत्रके वाटलेला माणूस म्हणून सांगतो, या खेळाच्या इतिहासातला हा मला सर्वांत आवडणारा प्रसंग आहे.

वेसली लष्करी नोकरीवर गेला आणि सूत्रे आर्नेसनकडे आली. १९७१ साली त्याने ब्लॅकमूर नावाचे राज्य कल्पिले. त्यात किल्ला, किल्ल्याखाली तळघरांचे जाळे, आणि तेथे भुते, राक्षस, खजिना. टोल्किनच्या कादंबऱ्या त्या वेळी अमेरिकन तरुणांच्या हाती होत्याच. खेळाडू आपले पात्र घेऊन खाली उतरत, जिवंत परत आले तर पुढच्या वेळी तेच पात्र अधिक अनुभवी होऊन येई. एका फटक्यात मेलेले आपले पात्र कोणालाच नको असते. म्हणून आर्नेसनने आपल्याच आरमारी खेळातली एक युक्ती आणली. जहाज जसे एका तोफगोळ्याने बुडत नाही, तसे माणसालाही ठराविक मार सोसता यावा. 'हिट पॉइंट' म्हणून आज संगणकावरच्या खेळांत प्रत्येक पोराला ठाऊक असलेला आकडा हा असा जहाजावरून उतरलेला आहे.

शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा हे लहानसे गाव आहे. तेथे गॅरी गायगॅक्स राहत असे. विमा कंपनीतली त्याची नोकरी १९७० साली गेली, आणि घरी जोडे दुरुस्त करून तो संसार चालवी. १९७१ साली त्याने जेफ पेरनबरोबर 'चेनमेल' हे मध्ययुगीन लढायांचे नियम प्रसिद्ध केले होते, त्याला अद्भुत प्राण्यांची पुरवणी होती, आणि आर्नेसनने सुरुवातीला त्यातूनच काही घेतले होते. १९७२ च्या अखेरीस आर्नेसन त्याच्या घरी गेला आणि ब्लॅकमूरचा डाव मांडून दाखवला. गायगॅक्स त्या रात्री भारावला. आर्नेसनच्या त्रोटक टिपणांवरून आणि स्वतःच्या डोक्यातून त्याने नियमांचा मजकूर बांधला. भांडवलाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे: त्याचा बालमित्र डॉन के याने आपल्या विमा-पॉलिसीवर कर्ज काढले, ब्रायन ब्लूम या तिसऱ्या भागीदाराने दोन हजार डॉलर घातले, आणि १९७४ च्या जानेवारीत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' निघाले. तीन पुस्तिका, एक लाकडी छापाची पेटी, किंमत दहा डॉलर, प्रती एक हजार, आणि पेट्या भरण्याचे काम घरीच, हातांनी. नाना पैलूंचे फासे शाळांना साहित्य पुरवणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीकडून मागवले जात. डॉन के पुढच्याच जानेवारीत हृदयविकाराने गेला. त्याला यश पाहता आले नाही.

पहिल्या पुस्तिकांवर गायगॅक्स आणि आर्नेसन ही दोन्ही नावे होती. १९७७ ते १९७९ या काळात कंपनीने 'अ‍ॅडव्हान्स्ड' म्हणून नवी, जाडजूड पुस्तके काढली. त्यांवर नाव एकट्या गायगॅक्सचे. कंपनीचे म्हणणे, हा वेगळाच खेळ आहे, तेव्हा आर्नेसनला मानधन देणे लागत नाही. १९७९ साली आर्नेसन कोर्टात गेला आणि १९८१ साली तडजोड झाली. नाव बदलून तेच काम करून घ्यायचे आणि जुना करार लागू नाही म्हणायचे, हा प्रकार आम्हा मंडळींना नवा नाही. मात्र गायगॅक्सची बाजूही सांगितली पाहिजे. तुटक टिपणांचे पुस्तक करणे, ते छापणे, दारोदार खपवणे हे काम त्याने केले. ते न होते तर ब्लॅकमूर त्या जोडशहरांतल्या एका तळघरातच राहिले असते. गंमत म्हणजे १९८५ साली भागभांडवलाच्या चढाओढीत खुद्द गायगॅक्सच्याच हातून कंपनी गेली. तो २००८ साली वारला, आर्नेसन २००९ साली.

आता रीतींकडे वळू. त्या पहिल्या पुस्तिका इतक्या मोघम होत्या की ज्याने त्याने आपल्या बुद्धीने अर्थ लावला. फीनिक्सच्या केन सेंट आंद्रे याला त्या उमगल्याच नाहीत, म्हणून त्याने १९७५ साली स्वतःचा सोपा खेळ 'टनेल्स अँड ट्रोल्स' लिहिला. त्याच साली लॉस एंजेलिसच्या ली गोल्ड या बाईंनी एक मासिक सुरू केले, जे २०२५ पर्यंत चालले. लेखकांनी आपापली पाने पाठवायची, बाईंनी ती एकत्र बांधून सर्वांना टपालाने धाडायची. तेथे लोकांना प्रथम कळले की आपण सारे एकच खेळ खेळत नाही. एका गावी तो बुद्धीची कसोटी आहे, दुसऱ्या गावी नाटक आहे, तिसऱ्या गावी पोरे केवळ आपल्या पात्राचे आकडे फुगवीत बसली आहेत. १९८० साली ग्लेन ब्लॅको याने याची चार गटांत वर्गवारी केली, आणि तेव्हापासून वर्गवाऱ्यांना खंड नाही. मी त्या सगळ्या सांगत बसणार नाही. अधिकार कोणाच्या हाती, या एका प्रश्नावर त्या लावून पाहिल्या की पुष्कळ गुंता सुटतो.

जुन्या रीतीत पंच तटस्थ असतो. त्याने तळघर आधीच आखले आहे, सापळा कोठे आहे ते कागदावर आहे, आणि आपण डोके चालवले नाही तर मरण खरे आहे. कथा काय होईल हे त्यालाही ठाऊक नसते. दुसरी रीत पोथीची. स्पर्धा सुरू झाल्या, एकाच तळघरात अनेक संघ उतरू लागले, तेव्हा सर्वांना एकच न्याय हवा झाला. गायगॅक्सची ती जाडजूड पुस्तके अंशतः यासाठीच होती. मनाला येईल तसे नियम बदलणारे आपला खेळ खेळतच नाहीत, अशी त्याची भूमिका त्या काळी झाली. तिसरी रीत कथेची. १९८३ साली ट्रेसी आणि लॉरा हिकमन या दांपत्याचे 'रेव्हनलॉफ्ट' आले, पुढच्या वर्षी 'ड्रॅगनलान्स' मालिका. आता पंचाकडे आधीच रचलेली गोष्ट होती, तिला आरंभ आणि शेवट होता. सँडी पीटरसनच्या १९८१ च्या 'कॉल ऑफ क्थुल्हू'मध्ये तर पात्रे हळूहळू वेडी होण्यातच रस आहे. या रीतीने खेळात भावना आणली, पण पंच लेखक झाला आणि खेळाडू पुष्कळदा रुळावरच्या डब्यात बसल्यासारखे झाले. आमच्याकडे निर्णय आधीच झालेल्या बैठकीला बोलावतात ना, तसे.

चौथी रीत या तक्रारीतून निघाली. पंचाचे अधिकार वाटून टाका, असे म्हणणारे लोक दोन हजार सालानंतर पुढे आले. जेसन मॉर्निंगस्टारच्या २००९ च्या 'फियास्को'त पंचच नाही. प्रसंग सर्वांनी मिळून उभे करायचे. व्हिन्सेंट बेकरच्या २०१० च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'मध्ये पंच आहे, पण त्यालाही नियम लागू आहेत: त्याने काय करायचे याची यादी पुस्तकात आहे आणि फासा त्याने टाकायचाच नाही. त्याच सुमारास दुसरीकडे जुन्या रीतीचे पुनरुज्जीवन झाले. चाळीस-पन्नास वर्षांची माणसे पहिल्या पुस्तिका पुन्हा काढून बसली. २०१५ पासून अमेरिकेतली काही नट मंडळी आपला डाव कॅमेऱ्यासमोर खेळू लागली आणि लाखो लोक तो पाहू लागले. त्यामुळे आज पुण्या-मुंबईतला मुलगासुद्धा टेबलावर येतो तो आपल्या पात्राचा जन्मापासूनचा इतिहास लिहून घेऊनच.

या सगळ्यात एक वाद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९७७ पासून पंचासमोर ठेवायचा पुठ्ठ्याचा आडपडदा विकत मिळतो. त्याच्या आतल्या बाजूला तक्ते, आणि पंच आपला फासा त्या पडद्यामागे टाकतो. शत्रूचा वार पात्राचा जीव घेईल असे दान पडले, तर कथा वाचवण्यासाठी पंचाने ते बदलून सांगावे की नाही? पुष्कळ चांगले पंच म्हणतात, अवश्य. खेळ आनंदासाठी आहे. आमच्या संघटनेच्या कचेरीत शनिवारी काही तरुण सभासद हा खेळ मांडतात (वीज आणि पंखा फुकट, हे त्याचे खरे कारण). मीही अधूनमधून बसतो. एकदा माझा म्हातारा पुजारी मरता मरता वाचला आणि दोन दिवसांनी पंचाने कबूल केले की दान बदलले होते. त्या पोराने दया केली होती, त्याचा हेतू शुद्ध होता. पण त्या क्षणापासून आधीचे सगळे विजय मला संशयास्पद वाटू लागले. मतपेटी बंद खोलीत मोजून 'तुमचाच माणूस निवडून आणला' असे कोणी सांगितले, तर आनंद व्हावा की राग यावा? जुन्या रीतीची मंडळी फासा टेबलाच्या मधोमध उघडा टाकतात. माझे मत त्यांच्या बाजूला आहे. कथेसाठी एखाद्याला वाचवायचेच असेल, तर तसा नियम आधी सर्वांच्या संमतीने करा. नव्या खेळांतून तो केलेला असतोही.

अधिकाराचा हा प्रश्न एकदा खऱ्या न्यायालयातही गेला. ज्या विस्कॉन्सिनमध्ये हा खेळ छापला गेला, त्याच राज्यातल्या वॉपन येथील तुरुंगात २००४ साली त्यावर बंदी आली. एका कैद्याने हाताने लिहिलेली ९६ पानांची आपली कथासंहिता जप्त झाली. तो न्यायालयात गेला, आणि २०१० साली संघराज्याच्या अपील न्यायालयाने तुरुंगाच्या बाजूने निकाल दिला. तुरुंगाच्या अधिकाऱ्याचे म्हणणे असे की या खेळात एक जण इतरांना दिशा देतो, आणि ही रचना टोळीसारखी आहे. खेळामुळे तेथे टोळी बनल्याचा पुरावा कोणी दाखवला नव्हता. शंका वाजवी आहे एवढे न्यायालयाला पुरले. निकाल मला पटत नाही, पण त्या अधिकाऱ्याची नजर तीक्ष्ण होती असे म्हणावे लागते. कैद्यांनी आपला पंच आपणच नेमला होता.

आता धंद्याची स्थिती. मूळ कंपनी १९९७ साली 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'ने घेतली आणि ती १९९९ साली 'हॅस्ब्रो' या खेळण्यांच्या बड्या कारखानदाराकडे गेली. २००० साली एक खुला परवाना निघाला: मूळ नियम वापरून कोणीही आपले पुस्तक काढावे. त्यावर शेकडो लहान प्रकाशक उभे राहिले. त्यांतल्याच 'पायझो' या वॉशिंग्टन राज्यातल्या कंपनीत संपादक, चित्रकार, गोदामातले हमाल यांनी २०२१ च्या ऑक्टोबरात संघटना स्थापन केली, आणि कंपनीने आठवडाभरात तिला मान्यता दिली. या धंद्यातली अशी ती पहिलीच. मग २०२३ च्या जानेवारीत खुला परवाना मोडीत काढून मोठ्या प्रकाशकांकडून उत्पन्नाचा वाटा घेण्याचा 'विझर्ड्स'चा मसुदा बाहेर फुटला. खेळाडूंनी इंटरनेटवरच्या कंपनीच्या सेवेची वर्गणी बंद करायला सुरुवात केली, प्रकाशक एक झाले, आणि २७ जानेवारीला कंपनीने माघार घेऊन खेळाचे मूळ नियम कायमचे सार्वजनिक वापरासाठी मोकळे केले.

तो सुमारे चारशे पानांचा दस्तऐवज आज कोणालाही फुकट मिळतो. नव्या टेबलाला सुरुवातीस त्यातली पंचवीस-तीस पाने पुरतात. चार-पाच माणसे, पेन्सिली आणि एक मोकळी संध्याकाळ हवी. फासे न मिळाले तरी अडत नाही. १९७९-८० च्या सुमारास फाशांचा तुटवडा पडला तेव्हा खुद्द गायगॅक्सच्या कंपनीनेच पेटीत आकड्यांच्या चिठ्ठ्या घातल्या होत्या, आणि खेळाडूंनी त्या पेल्यात घालून हलवून काढायच्या होत्या.